तेरखेड्याची ओली वात

ढवळे सर बोलता बोलता हात वर का धरायचे, ह्याचा उलगडा मला अजून झालेला नाही. वस्तीवर ज्याला विचारावं तो वेगळंच सांगतो. माझी नात रुक्मी एक सांगते, शाळेच्या कमिटीचा अध्यक्ष भानुदास दुसरं सांगतो, आणि आमची म्हातारी म्हणते, त्यात सांगण्यासारखं काय आहे, माणूस होता, त्याला हात होता, त्यानं वर धरला. ह्या तिघांचंही मी मानत नाही. माझं स्वतःचं एक मत आहे. पण ते दर आठ-पंधरा दिवसांनी बदलतं, म्हणून मी ते कुणापुढं काढत नाही.

जळकोटपासून हायवे सोडून आत आलं की आमची वस्ती. शाळा आठवीपर्यंत. कायमचा इंग्रजीचा मास्तर मिळेपर्यंत सरांना नेमलं होतं. म्हणजे आज आहेत, उद्याचं सांगता येत नाही. अंगानं काटकुळे, शर्टाची गळ्याची गुंडीसुद्धा लावलेली. गाव तेरखेडा, तिकडं वाशी तालुक्यात. फटाक्यांचं गाव. घरात आई, बाप, चुलते सगळे दारू भरायच्या कामात, हा एकटाच पुस्तकात गेलेला.

बोलायला लागले की अर्धं वाक्य सरळ जायचं आणि मग एखादा शब्द वाटेत आडवा पडायचा. तसं झालं की सर हात वर धरायचे. एसटीला हात करतात तसा, पण डोक्याच्याही वर. डोळे समोरच्या माणसावर. शब्द सुटला की हात खाली. मधल्या वेळात ते ओशाळत नव्हते, खाकरत नव्हते, आणि अडलेल्याच्या जागी दुसरा सोपा शब्द तर कधीच घेत नव्हते. जो अडला तोच बाहेर काढणार. हा हेका मला बरा वाटला. माझंही तसंच आहे, गाभण मेंढी ज्या खड्ड्यात पडली त्याच खड्ड्यातनं वर काढायची असते, दुसरी मेंढी उचलून आणून भागत नाही.

भानुदासनं पहिल्याच आठवड्यात पारावर त्यांना नाव ठेवलं. "तेरखेड्याचा फटाका म्हणून आणला, अन् वात ओली निगाली की रं!" सगळे हसले. वाक्य हसण्यासारखं होतं. त्या दिवसापासून पाठीमागं सरांचं नाव ओली वात.

आमची गाठ पडली ती मोबाईलच्या रेंजमुळं. वस्तीत रेंज नाही. ती येते माझ्या माळावर, मेंढरं बसवतो त्या जागेला लागून, बाभळीखाली. एका दुपारी सर आले, मागं आठवीची सगळी पोरंपोरी, त्यात आमची रुक्मी. मला म्हणाले, "आबा, मला तुमची..." आणि हात वर.

मी थांबलो. ह्याला माझं काय पाहिजे? मेंढी? घोंगडी? सोयरीक काढायला आला म्हणावं तर लग्नाची पोरगी माझ्या घरात नाही. पोरं मात्र निवांत उभी, जणू रोजचंच.

"...जागा पाहिजे," सर म्हणाले. "रोज एक तास. पोरांना चारचौघांत बोलायला शिकवायचंय. इंग्रजीत."

"बोलायला? जल्मल्यापास्नं बोलत्यातच की ती. गप कसं बसावं ते शिकवा."

"तेच शिकवणार आहे," सर म्हणाले.

मला वाटलं थट्टा केली. तोंडाकडं बघितलं तर थट्टा नव्हती. मी जागा दिली, पण ते वाक्य काही मला पचलं नाही.

शिकवायचे कशानं, तर मोबाईलमधल्या भाषणांनी. कुठकुठली माणसं उजेडात उभी राहून बोलतात, हातात कागद नाही, पुढं टेबल नाही. आता माझ्या माळावर वारं असं, की मोबाईलचा आवाज पोरांच्या कानापर्यंत पोचायचा नाही. मग आमच्या म्हातारीनं दुधाची पितळी चरवी दिली. सर मोबाईल चरवीत उभा करायचे आणि आवाज घुमायचा. आधी नुसतं ऐकायचं. कुणी चरवीत वाकून बघायचं नाही. ते झालं की मोबाईल बाहेर काढायचा, आवाज बंद करायचा आणि नुसतं बघायचं, हात कसे हलतात, पाय कुठं थांबतात. मी म्हणलं, "सर, तोंड अन् आवाज संगट दिलाय देवानं, तुमी येगळं का करताय?" सर म्हणाले, "दूध आणि पाणी एकत्र असलं की आपण पाणीच पितो, आबा." मी धनगर आहे, दुधातलं पाणी मला सांगायला नको. पण ते इथं कसं लागू पडतं ते कळलं नाही.

एकदा मला समोर बसवलं. "आबा, तुम्हाला इंग्रजी येत नाही ना?"

"न्हाई. कधी गरज पडली न्हाई."

"मग तुम्हीच पाहिजेत." मोबाईलचा आवाज बंद करून माझ्यापुढं धरला. टक्कल पडलेला एक माणूस इकडून तिकडं चालत होता, हातवारे करत होता. "सांगा, काय म्हणतोय?"

मी नीट बघितलं. असली माणसं मी उभ्या जन्मात लई बघितलीत. "बांधाचं भांडान हाय," म्हणलं. "ह्येचा भाऊबंद बांध सरकवतोय. बघा की, हातानं दावतोय, हितं व्हता, तिथं नेला. अन् पंच लोक दुसऱ्याच्या बाजूनं हाईत, म्हणून तोंड असं झालंय."

पोरं लोळायला लागली. रुक्मी म्हणाली, "आज्या, त्यो मधमाश्यांवर बोलतोय!"

"बोलंना. मधमाश्या बांधावरच्या असत्याल."

सर हसले नाहीत. पोरांकडं वळून म्हणाले, "आबांना अन्याय झालेला माणूस दिसला. कशात दिसला? खांद्यात? बोटांत?" आणि तो सगळा तास माझ्या एका वाक्यावर काढला. पोरं माझ्यासारखं बघायला शिकत होती म्हणे. माझा मान झाला की माझी फजिती झाली, हे मी त्या दिवशी घरी जाईपर्यंत ठरवत होतो. आणि एक सांगून ठेवतो, तो माणूस बांधाचंच बोलत होता. मधमाश्या निमित्ताला.

मग ते रिंगणाचं झालं. अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी माळावर गेलो तर बाभळीखाली जमिनीवर लालभडक गोल काढलेला, मधे कुणाच्या तरी पावलांचे ठसे. भाकरीएवढा नव्हे, बैलगाडीच्या चाकाएवढा. मी लांबूनच थांबलो. मी भित्रा नाही, पण मेंढरं होती बरोबर. पाणी आणायला निघालेल्या बायांनी ते बघितलं आणि वाट सोडून पार ओढ्याकडून वळसा घेतला. दुपारपर्यंत वस्तीभर झालं, की बिरूआबाच्या माळावर करणी झाली. संध्याकाळपर्यंत कुणीतरी रिंगणात लिंबू ठेवून गेलं, म्हणजे आधीच्या करणीवर उतारा. भानुदास चार माणसं घेऊन आला. म्हणाला, "आबा, कुणावर संशय?"

"संशय कसला," मी म्हणलं, "माझ्या जित्राबावर वाकडा डोळा ठेवणारे ह्या वस्तीत लई हाईत. त्यातलं दोन तर तुझ्यासंगटच आल्यात."

तेवढ्यात सर पोरं घेऊन आले. लिंबू बघितलं, आमची तोंडं बघितली आणि म्हणाले, "अहो, हे तर..." हात वर.

आता सांगा, करणीच्या रिंगणाच्या काठावर उभा राहून एक माणूस हात आभाळाकडं धरून, डोळे न मिटता गप उभा. भानुदासबरोबरचा एक जण दोन पावलं मागं सरला. दुसऱ्यानं हात जोडले.

"...उभं राहायची जागा आहे," सर म्हणाले. "व्हिडिओत ते लोक लाल गोलात उभे राहतात ना, तशी. पोरं बोलताना फार पळतात. गोलाबाहेर पाय गेला की बोलणं पण बाहेर जातं."

आणि लाल रंग कुठला? मेंढरांवर खूण करायचा माझा गेरू! रुक्मीनं डबाच नेऊन दिला होता. मी लई बोललो त्या दोघांना. पण गोल पुसला नाही. आता एवढा गेरू गेलाच होता. बाया मात्र पुढं कितीतरी दिवस ओढ्याकडूनच जायच्या.

खरी गुंतागुंत झाली ती एका बाईमुळं. ती वस्तीतली नव्हे, मोबाईलमधली. आपल्याकडचीच, सावळी, साडी नेसलेली, इंग्रजी एकदम झऱ्यासारखं. तिचं भाषण सरांना लई आवडायचं. पण मोबाईल जुना, की आणखी काय असेल ते, ते भाषण दर वेळी एकाच जागी अडकायचं. बाईनं हात वर उचललेला, तोंड अर्धं उघडं, आणि चित्र थिजलेलं. पोरं सांगायची की मधोमध एक गोल फिरतो. तो थांबला की हात खाली येतो आणि बाई पुढं बोलते. एक पोरगं म्हणालं, "सर, पुढं सरकवा की." सर म्हणाले, "नाही. थांबा तिच्याबरोबर." आणि पोरं थांबायची, श्वास धरून.

ह्यातनं काय झालं, की पोरांनी तेही पाठ केलं. घरी भाकरी वाढता वाढता आईनं विचारावं, आणिक काय देऊ? तर पोरगं म्हणायचं, "मला अजून एक..." आणि हात वर करून थिजायचं. आई पळी घेऊन उभी. भानुदासच्या नातवानं हे आजोबासमोर केलं. कालवणाचं की लोणच्याचं हे काही केल्या कळेना, तेव्हा भानुदास जेवण टाकून तडक माळावर आला.

"सर," तो म्हणाला, "तुमच्या जिभेचं जे हाय ते देवाचं देनं, त्येला आमी कोन बोलनार. पर पोरास्नी बी त्योच रोग? चांगली बोलती पोरं अडकाय लागली. सव्वीस जानेवारीला एक पोरगं समद्या गावापुढं इंग्रजीत धड बोलू द्या. न्हाईतर हा तास बंद, अन् मी वर कळवतो, दुसरा मानूस द्या म्हणून."

"चालेल," सर म्हणाले. एका दमात. हा शब्द कुठंच अडला नाही. बोलणारी म्हणून त्यांनी रुक्मीला उभं केलं. म्हणजे आता सरांची इथली भाकरी माझ्या नातीच्या जिभेवर.

भानुदास गेल्यावर मी सरांना बाजूला घेतलं. "खरं सांगा. ती बाई मुद्दाम थांबती, का मोबाईल अडकतो?"

सरांनी हात वर धरला. मी वाट बघितली. मग म्हणाले, "आबा, आमच्या गावात वात पेटवली की माणसं कानावर हात ठेवतात. आवाज व्हायच्या आधी. तेवढा वेळ कुणी बोलत नाही, कुणी दुसरीकडं बघत नाही. आवाज नंतर होतो, पण माणसं आधीच गोळा झालेली असतात."

"ते झालं तेरखेड्याचं. बाई थांबती का मोबाईल अडकतो?"

"हो," म्हणाले, आणि चरवी विसळायला गेले.

आता ह्या 'हो'चं मी काय करू?

सव्वीस जानेवारीला झेंडा झाला, लाडू वाटले, पोरांची भाषणं सुरू झाली. आमच्याकडं रीत अशी, की आधी सन्माननीय अध्यक्ष महोदय, मग सरपंच, मग उपसरपंच, मग गुरुजन, सगळ्यांची नावं घेऊन मग भाषणाला हात घालायचा. नावं संपेपर्यंत निम्मी माणसं डुलक्या घेतात, पण ज्याचं नाव येतं तो जागा होतो. रुक्मी माईकपुढं आली. पायाखाली माझ्याच गेरूचा गोल. तिनं कुणाचंच नाव घेतलं नाही. एकदम इंग्रजीच सुरू केली. भानुदास शेजारच्याला म्हणाला, "नमस्कार न्हाई, चमत्कार न्हाई, ही कुठली पद्धत?"

मला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. पण हात बघून कळत होतं, की ती माझ्या माळाचं सांगतीय. मेंढरं कशी खाली मान घालून चालतात ते तिनं करून दाखवलं. लोक हसले. मग तिनं हात वर उचलला आणि थिजली.

तोंड अर्धं उघडं. हात डोक्याच्या वर.

आमच्याकडं पोरगं स्टेजवर भाषण विसरलं, की लोक टाळ्या वाजवतात. चिडवायला नव्हे. टाळ्या वाजल्या की त्याला जय हिंद म्हणून इज्जतीत खाली उतरता येतं. भानुदासनं पहिली टाळी वाजवली. मग इकडून तिकडून वाजल्या. माझी म्हातारी म्हणाली, "इसरली गं माजी बाय." मी सरांकडं बघितलं. ते शाळेच्या भिंतीला टेकून उभे होते, आणि त्यांचे ओठ हलत नव्हते. पोरगी विसरली तर मास्तर मागून शब्द पुरवतात, हे सगळ्या मुलखात चालतं. ह्या माणसानं एक शब्द पुरवला नाही.

रुक्मी खाली उतरली नाही. टाळ्या विरळ झाल्या, मग थांबल्या. वाजवणाऱ्यांना कळेना, आता काय वाजवावं. मागं चुळबुळ करणारी पोरं गप झाली. झेंड्याची दोरी खांबावर टकटक वाजत होती, ती इतका वेळ वाजतच असणार, पण ऐकू आली ती तेव्हा.

मग तिनं हात खाली घेतला आणि हळू आवाजात एक लहानसं वाक्य बोलली. आठवीतल्या सगळ्या पोरांनी उड्या मारल्या.

नंतर मी तिला विचारलं, "असं काय बोललीस गं शेवटाला?"

"काई न्हाई आज्या. 'मग मेंढरं थांबली' एवढंच."

"एवढंच?"

"एवढंच. तुमी समदे थांबला हुता की."

भानुदास हिशेब करत बसला. तास बंद करावा, तर पोरगी धड बोलली होती. चालू ठेवावा, तर पोरगी भर सभेत अडकली होती. मग त्याच्या डोक्यात आलं, की मास्तरालाच उभं करावं. माईक हातात घेऊन म्हणाला, "आता आपले इंग्रजीचे सर दोन शब्द बोलतील."

हे त्यानं का केलं ते सगळ्यांना कळलं. सर आले. गोलात उभे राहिले. गळ्याची गुंडी चाचपली. म्हणाले, "तुम्ही सगळे..." आणि हात वर.

रुक्मीचा हात होता त्याच्या दुप्पट वेळ तो वर राहिला. दोरीची टकटक. कुणी हसलं नाही. एकही टाळी नाही. भानुदासनं टाळीसाठी हात उचलले, तर शेजारी बसलेल्या नातवानं ते धरून ठेवले. "आजोबा, थांबा. सर बोलतेत."

आणि भानुदास थांबला. सबंध वस्ती थांबली. ज्या बाया माळावरून जायला भीत होत्या, त्या पदर दाताखाली धरून त्या हाताकडं बघत होत्या.

"...थांबलात," सर म्हणाले, आणि खाली उतरले.

इथं माझं डोकं चालत नाही. वाक्य तेवढंच होतं? की पुढं आणखी काही होतं आणि ते राहिलं? की त्यांना म्हणायचं होतं वेगळंच, आणि जन्मात पहिल्यांदा त्यांनी अडलेल्या शब्दाच्या जागी दुसरा शब्द घेतला? रुक्मी म्हणते, सर अडकलेच नव्हते, ते थांबले होते. भानुदास म्हणतो, साफ अडकला होता, पण पोरांनी आम्हाला अशी खोड लावून ठेवलेली, की कळलंच नाही. मी म्हणतो, सरांनी ही खोड पोरांना मुद्दाम लावली असेल तर माणूस मोठा पोचलेला. आणि मोबाईलच अडकत असेल, तर हा सगळा देवाचा कारभार. दोन्हीतलं एक धरलं की दुसरं येऊन बसतं.

तास चालू राहिला. भानुदासनं तोंडानं हो म्हणलं नाही, पण बंदही केला नाही. ओली वात हे नाव कुणी घेतलं, की आता भानुदासचाच नातू त्या माणसाकडं डोळे वटारून बघायचा.

उन्हाळ्याच्या तोंडाला कायमचे मास्तर आले आणि सरांचं काम संपलं. ह्यात कुणाचा दोष नाही, पहिल्यापासून तसंच ठरलेलं होतं. नवे मास्तर चांगले आहेत, घडाघडा बोलतात. त्यांना माळ लागत नाही.

सरांना घालवायला मी आणि रुक्मी हायवेपर्यंत गेलो. म्हातारीनं चरवी दिली होती. सर नको म्हणत होते, मी म्हणलं, "ठेवा. आता त्यात दूध काढलं तरी इंग्रजीच ऐकू येतंय." तेव्हा ते हसले, दात दिसले. तुळजापूरची एसटी आली. तिथून पुढं तेरखेड्याला दुसरी. ते चढले, खिडकीपाशी बसले, चरवी मांडीवर. मान बाहेर काढून म्हणाले, "आबा, ते तुम्ही विचारलं होतं ना, मोबाईलचं..."

आणि हात वर.

कंडक्टरनं घंटी मारली. एसटी हलली. खिडकीबाहेर तो हात तसाच, बोटं सरळ. आता तो निरोपाचा झाला होता की शब्द अडला होता, मला कळेना. मी माझा हात वर केला नाही. निरोपाचा नसेल, तर मधेच आपण हात हलवणं बरं दिसत नाही. एसटी वळणावर बारीक झाली, मग दिसेनाशी झाली.

रुक्मीनं माझं धोतर ओढलं. "आज्या, चल. गेले सर."

"थांब," म्हणलं. "बोलणं पुरं न्हाई झालं त्येंचं."